युस्टुस फॉन लिबिग : किमान घटकांचा नियम, मांसार्काची बरणी आणि लोकांचा विश्वास

कृषी पदविका असो की पदवी, मृदशास्त्राच्या पुस्तकात एका लाकडी पिंपाचे चित्र हमखास असते. पिंपाच्या फळ्या कमी-जास्त उंचीच्या असतात आणि पाणी सर्वांत आखूड फळीपर्यंतच भरते. जमिनीत जे अन्नद्रव्य गरजेच्या मानाने सर्वांत कमी असेल, त्यावर पिकाचे उत्पादन अडते, हे त्या चित्रातून सांगायचे असते. हा किमान घटकांचा नियम जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लिबिग यांच्या नावाने ओळखला जातो. पिंपाचे चित्र मात्र त्यांच्या मृत्यूनंतर इतरांनी काढले.

खताच्या गोणीशी जोडलेले हे नाव एकेकाळी युरोपातल्या घराघरांत वेगळ्याच वस्तूवर दिसायचे. ती वस्तू म्हणजे मांसाच्या अर्काची बरणी. ताकद देणारे अन्न म्हणून लोक तो अर्क आजाऱ्याला आणि सैनिकाला देत. त्यात ताकद फारशी नव्हती, हे कळायला काही वर्षे गेली. खताच्या बाबतीतही असेच घडले होते. सिद्धांत बरोबर होता, पण त्यावर बेतलेले खत शेतात फसले. लिबिग यांचे आयुष्य शेतकऱ्याने वाचावे ते यासाठी. नावावर बसलेला विश्वास आणि शेतात मिळालेला पुरावा यांतला फरक त्यात स्वच्छ दिसतो.

रंगाच्या दुकानातला मुलगा

लिबिग यांचा जन्म १२ मे १८०३ रोजी जर्मनीतील डार्मश्टाट येथे झाला. वडील रंग, औषधी द्रव्ये आणि रसायने विकत, काही मालही स्वतः तयार करत. मुलाचे खेळणे म्हणजे दुकानातल्या बाटल्या आणि भट्टी. शाळेत त्याचे फारसे लक्ष नव्हते. जत्रेत फटाकड्या विकणारा फेरीवाला स्फोटक पदार्थ कसा बनवतो, हे त्याने उभ्या उभ्या पाहून शिकून घेतले आणि घरी करूनही पाहिले. पुढे त्याला हेपनहाइम गावातील औषधविक्रेत्याकडे उमेदवारीसाठी ठेवले, पण तिथे तो टिकला नाही.

१८१५ मध्ये इंडोनेशियातील तांबोरा ज्वालामुखीचा उद्रेक झाला. त्या राखेमुळे १८१६ मध्ये युरोपात उन्हाळा जवळपास आलाच नाही. पिके बुडाली, धान्य महागले, लोकांची उपासमार झाली. लिबिग तेव्हा तेरा वर्षांचे होते. पुढे आयुष्यभर जमीन आणि अन्न हे विषय त्यांनी लावून धरले. त्यामागे या दुष्काळाची आठवण होती, असे त्यांचे चरित्रकार मानतात.

बॉन आणि एर्लांगेन येथे शिकताना तिथल्या रसायनशास्त्रात प्रत्यक्ष प्रयोग फार कमी आहेत, हे त्यांना जाणवले. १८२२ मध्ये हेसेच्या ग्रँड ड्यूककडून शिष्यवृत्ती मिळाली आणि ते पॅरिसला गेले. तिथे गे-ल्युसॅक यांच्या प्रयोगशाळेत काम करायला मिळाले. मोजून पाहिल्याशिवाय बोलायचे नाही, ही शिस्त त्यांनी तिथे घेतली. थोर निसर्गशास्त्रज्ञ अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट यांनी त्यांच्यासाठी शब्द टाकला आणि १८२४ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, लिबिग गिसेन विद्यापीठात प्राध्यापक झाले.

गिसेनची प्रयोगशाळा

गिसेन हे लहान गाव. प्रयोगशाळेसाठी सैनिकांच्या जुन्या चौकीची इमारत मिळाली. याच ठिकाणी लिबिग यांनी शिकवण्याची नवी पद्धत बसवली. विद्यार्थ्याने फक्त व्याख्यान ऐकायचे नाही, स्वतःच्या हाताने पृथक्करण करायचे आणि आलेला आकडा नोंदवायचा. आज माती परीक्षण प्रयोगशाळेत किंवा कृषी महाविद्यालयाच्या प्रात्यक्षिकात जे चालते, त्याचे मूळ इथे आहे.

१८३१ मध्ये त्यांनी पाच फुगे असलेले एक काचेचे उपकरण तयार केले. सेंद्रिय पदार्थ जाळला की निघणारा कार्बन डायऑक्साइड त्यातील पोटॅशच्या द्रावणात शोषला जाई. उपकरणाचे वजन किती वाढले, यावरून पदार्थातला कर्ब कळे. पूर्वी फार खटपटीचे असलेले हे मोजमाप आता विद्यार्थीही करू लागले. अमेरिकन केमिकल सोसायटीच्या बोधचिन्हात हे उपकरण आजही दिसते. देशोदेशीचे विद्यार्थी गिसेनला येऊ लागले. त्यांत जोसेफ हेन्री गिल्बर्ट नावाचा इंग्रज तरुण होता. गुरूच्या खताची कसोटी पुढे त्यानेच लावली.

१८४० चे पुस्तक आणि ह्युमसचा वाद

त्या काळी युरोपात असा समज होता की वनस्पती आपले मुख्य अन्न जमिनीतल्या ह्युमसमधून, म्हणजे कुजलेल्या सेंद्रिय पदार्थातून घेतात. जर्मनीतील आल्ब्रेख्ट थेअर यांच्यासारख्या मान्यवर शेतीतज्ज्ञांचेही हेच मत होते. लिबिग यांनी १८४० मध्ये शेती आणि वनस्पतींच्या पोषणातील रसायनशास्त्रावर पुस्तक प्रसिद्ध केले आणि या समजाला आव्हान दिले.

त्यांची मांडणी थोडक्यात अशी होती. झाडातला कर्ब हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून येतो. पालाश, स्फुरद, चुना, मॅग्नेशियम यांसारखी खनिजे जमिनीतून येतात. धान्य, चारा, जनावरे बाजारात गेली की ही खनिजेही शेताबाहेर जातात. ती परत भरली नाहीत तर जमीन कितीही चांगली असली तरी एक दिवस थकणार. शेणखत उपयोगी पडते याचे एक मोठे कारण म्हणजे त्यातून हीच द्रव्ये जमिनीत परत जातात.

किमान घटकांचा नियम मुळात लिबिग यांचा नव्हता. कार्ल श्प्रेंगेल या जर्मन शास्त्रज्ञाने तो आधीच, १८२८ च्या सुमारास मांडला होता. पण तो लोकांपर्यंत पोहोचला लिबिग यांच्यामुळे, आणि नावही त्यांचेच लागले. लिबिग यांची लेखणी जोरकस होती आणि लोक त्यांचे ऐकत. १८४२ मध्ये त्यांनी इंग्लंडच्या शेतीभागात दौरा केला तेव्हा जमीनदार आणि राजकारणी त्यांना भेटायला उत्सुक होते. १८४५ मध्ये त्यांना सरदारकीचा किताब मिळाला आणि नावात ‘फॉन’ आले.

त्यांच्या मांडणीत एक मोठी त्रुटी होती. पिकाला लागणारा नत्र पावसाबरोबर हवेतल्या अमोनियातून पुरेसा मिळतो, असे त्यांनी धरले होते. हवेत थोडा अमोनिया असतो हे खरे, पण गव्हासारख्या पिकाची भूक त्यावर भागत नाही.

पेटंट खत शेतात फसले

१८४५ मध्ये लिबिग यांचे खत इंग्लंडमध्ये बाजारात आले. लिव्हरपूलचे रसायन कारखानदार जेम्स मस्प्रॅट यांनी त्याचे उत्पादन केले. पिकानुसार वेगवेगळी मिश्रणे होती. पिकाची राख तपासायची, त्यात जी खनिजे सापडतील ती त्या प्रमाणात खतात घालायची, असा हिशेब होता.

मग लिबिग यांना शंका आली की विरघळणारे पालाशचे क्षार पावसाने वाहून जातील. म्हणून ते चुन्याबरोबर भट्टीत वितळवून असे केले की पाण्यात सहज विरघळू नयेत. कागदावर ही काळजी रास्त वाटते, पण शेतात नेमकी तीच नडली. जे विरघळत नाही ते मुळांना मिळत नाही. शिवाय खतात नत्र जवळपास नव्हताच. शेतकऱ्यांनी पैसे मोजले, खत टाकले आणि पिकात फरक दिसला नाही.

याच सुमारास हर्टफर्डशायरमधील रॉथॅमस्टेड येथे जॉन बेनेट लॉज यांनी स्वतःच्या जमिनीवर प्रयोग सुरू केले होते. हाडे आणि स्फुरदयुक्त खनिजांवर गंधकाम्लाची प्रक्रिया करून सुपर फॉस्फेट बनवण्याचे पेटंट त्यांनी १८४२ मध्ये घेतले. अशी प्रक्रिया करावी, हे लिबिग यांनीही १८४० मध्ये सुचवले होते. गिसेनहून पदवी घेऊन आलेले गिल्बर्ट १८४३ मध्ये लॉज यांना येऊन मिळाले. त्याच वर्षी शरद ऋतूत ब्रॉडबाल्क या शेतात गव्हाचा प्रयोग सुरू झाला. एका पट्ट्याला काहीच द्यायचे नाही, एकाला शेणखत, एकाला फक्त खनिजे, एकाला खनिजांबरोबर अमोनियाचे क्षार, अशी मांडणी होती. फक्त खनिजे दिलेल्या पट्ट्यात गव्हाचे उत्पादन फारसे वाढेना, नत्र मिळाला की मात्र ते स्पष्ट वाढे. तो प्रयोग आजही चालू आहे.

लिबिग आणि रॉथॅमस्टेड यांच्यात मग वर्षानुवर्षे कडवट वाद झाला. त्यात रॉथॅमस्टेडचेही सगळे बरोबर नव्हते. वाटाणा, क्लोव्हर यांसारख्या द्विदल पिकांना नत्र कुठून मिळतो, हे दोन्ही बाजूंना नीट सांगता येत नव्हते. लिबिग यांच्या मृत्यूनंतर, १८८६ मध्ये हेलरिगेल यांनी दाखवले की या पिकांच्या मुळांवरील गाठींतले जिवाणू हवेतला नत्र स्थिर करतात. आज आपण हरभऱ्याच्या, तुरीच्या बियाण्याला रायझोबियम चोळतो, त्यामागे हाच शोध आहे.

मातीनेच दिलेले उत्तर

खत का फसले, याचे अर्धे उत्तर मातीच्या गुणधर्मात होते. १८५० मध्ये इंग्लंडमध्ये थॉमस वे यांनी मातीतून अमोनिया आणि पालाशची द्रावणे गाळून पाहिली. खाली आलेल्या पाण्यात ही द्रव्ये फारशी उरली नव्हती. मातीने ती धरून ठेवली होती आणि त्यांच्या बदल्यात मुख्यतः चुना सोडला होता.

आज आपण यालाच धन आयन विनिमय म्हणतो. चिकणमातीच्या कणांवर ऋण भार असतो. पालाश, अमोनियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम हे धन भाराचे असल्याने कणांना चिकटून राहतात आणि मुळांना गरजेप्रमाणे मिळतात. म्हणजे पालाश धुपून जाईल ही लिबिग यांची भीती बहुतांश जमिनींत अनाठायी होती. महाराष्ट्राच्या भारी काळ्या जमिनीत ही धारणक्षमता खूपच जास्त आहे. हलक्या, मुरमाड जमिनीत ती कमी असते. नायट्रेट मात्र ऋण भाराचे असल्याने पाण्याबरोबर खाली जाते. म्हणून युरिया एकदम न टाकता विभागून द्यायची शिफारस असते.

लिबिग यांनी गिसेनजवळ वाळूसर, नापीक जमीन घेऊन स्वतःचे खत स्वतः वापरून पाहिले होते. जमीन हळूहळू सुधारली, पण शेतकऱ्याला लागतो तसा लवकर दिसणारा फायदा झाला नाही. १८६२ मध्ये पुस्तकाची सातवी आवृत्ती काढताना त्यांनी कबूल केले की क्षार अविद्राव्य करणे चुकले. जमीन जे काम स्वतःच करते, ते करण्याची आपण उगाच धडपड केली, असा त्याचा आशय होता. एवढ्या मोठ्या माणसाने छापील पुस्तकात असे लिहिणे सोपे नव्हते. नत्राबाबत मात्र ते शेवटपर्यंत पूर्ण मागे हटले नाहीत.

मांस म्हणजे ताकद, हा समज

शेतीबरोबरच लिबिग प्राण्यांच्या पोषणाकडेही वळले होते. १८४२ मध्ये त्यांचे प्राणी रसायनशास्त्रावरचे पुस्तक आले. त्यात त्यांनी अन्नाचे दोन गट केले. नत्रयुक्त अन्न, म्हणजे प्रथिने, शरीर बांधते आणि स्नायूंना बळ देते. पिष्टमय पदार्थ आणि स्निग्धांश केवळ उष्णता देतात. काम करताना स्नायू स्वतःच खर्ची पडतो, म्हणून कष्टकऱ्याला मांस जास्त हवे, असा त्याचा अर्थ निघे.

ही कल्पना झपाट्याने पसरली. मांस खाणारा मजूर जास्त काम करतो, मांस खाणारे राष्ट्र बलवान होते, असे लोक बोलू लागले. मांसाबद्दलचे मत आता चवीवर किंवा चालीरीतीवर नव्हे, तर विज्ञानाच्या नावावर उभे राहिले.

१८६५ मध्ये फिक आणि विस्लिसेनुस या दोन शास्त्रज्ञांनी ते तपासले. स्वित्झर्लंडमधील फाउलहॉर्न शिखरावर ते सुमारे १,९५० मीटर चढून गेले. आदल्या दिवसापासून आणि चढताना त्यांनी प्रथिने टाळली, फक्त पिष्टमय आणि चरबीचे पदार्थ खाल्ले. लघवीतील नत्र मोजून शरीरात किती प्रथिने खर्च झाली हे काढले. चढाईला लागलेली ऊर्जा त्यातून निघूच शकत नव्हती. म्हणजे स्नायूंचे काम मुख्यतः पिष्ट आणि स्निग्ध पदार्थांवर चालले होते. प्रथिने शरीर बांधायला आणि झीज भरायला लागतात हे खरेच राहिले, पण ताकद फक्त मांसातूनच येते, हे खरे ठरले नाही.

लिबिग यांची आणखी एक कल्पना आजही स्वयंपाकघरात टिकून आहे. १८४७ मध्ये त्यांनी लिहिले की मांसाला सुरुवातीला जोरदार उष्णता दिली तर वरचा थर घट्ट होतो आणि रस आत कोंडला जातो. पुढे मोजून पाहिल्यावर असे दिसले की असा थर रस अडवत नाही. मटण आधी परतून घेतल्याने चव आणि रंग चांगला येतो, ती गोष्ट वेगळी.

उरुग्वेची गुरे आणि मांसार्क

१८४७ च्याच सुमारास लिबिग यांनी मांसार्क तयार करण्याची रीत प्रसिद्ध केली. चरबी काढलेले मांस बारीक करून पाण्यात शिजवायचे, गाळायचे आणि गाळलेले पाणी आटवून काकवीसारखे घट्ट, तपकिरी करायचे. सुमारे ३० किलो मांसातून जेमतेम १ किलो अर्क निघे. युरोपातल्या मांसाच्या भावात हे औषधाच्या दुकानापुरतेच परवडणारे होते. १८५२ मध्ये लिबिग म्युनिकला गेले आणि तिथे औषधविक्रेते अर्क थोड्या प्रमाणात बनवू लागले.

दक्षिण अमेरिकेतील उरुग्वे आणि अर्जेंटिनाच्या गवताळ प्रदेशात परिस्थिती उलट होती. तिथे गुरे अफाट आणि माणसे थोडी. गुरे कापली जात ती कातडी आणि चरबीसाठी. थोडे मांस खारवून सुकवून विकले जाई, बाकीचे वाया जाई. शीतगृहाची जहाजे अजून आली नव्हती, त्यामुळे ताजे मांस समुद्रापार नेण्याची सोय नव्हती.

१८६२ मध्ये गेओर्ग गिबेर्ट हा जर्मन अभियंता लिबिग यांना भेटला. उरुग्वेतल्या स्वस्त मांसाचा अर्क करून युरोपात आणायचा, अशी त्याची योजना होती. लिबिग यांनी आपले नाव वापरायला परवानगी दिली, पण अट घातली. प्रत्येक खेपेचे नमुने म्युनिकला तपासले जातील, चरबी आणि जिलेटिन नसेल तरच माल विकायचा. उरुग्वे नदीकाठच्या फ्राय बेन्टोस येथे कारखाना उभा राहिला. १८६५ मध्ये लंडनमध्ये लिबिग यांच्या नावाची कंपनी स्थापन झाली. बरणीच्या वेष्टनावर लिबिग यांची सही निळ्या अक्षरांत छापलेली असे.

वाया जाणाऱ्या मालाचा असा उपयोग करणे ही मोठीच गोष्ट होती. पुढे कारखान्यात अर्काबरोबर डबाबंद मांसही तयार होऊ लागले. उरलेल्या चोथ्याचे पशुखाद्य आणि खत झाले. आज ज्याला आपण उपपदार्थांचे मूल्यवर्धन म्हणतो, ते तिथे दीडशे वर्षांपूर्वी चालू होते.

ग्राहकाने मात्र बरणीकडे वेगळ्या नजरेने पाहिले. ३० किलो मांसाचा अर्क १ किलोत आला, म्हणजे ३० किलो मांसाचे पोषणही त्यात आले, असा सरळ अर्थ त्याने लावला. सुरुवातीच्या जाहिराती आणि लिबिग यांचे लेखन त्याला पोषकच होते. आईने आजारी मुलाला, इस्पितळाने अशक्त रोग्याला, सैन्याने जखमी सैनिकाला हा अर्क गरम पाण्यात घालून दिला.

अर्कात काय होते, काय नव्हते

तेलघाणीवर भुईमूग गाळला की तेल बाहेर येते आणि प्रथिने पेंडीत राहतात. मांसार्काचेही तसेच होते. मांस शिजले की त्यातली बहुतेक प्रथिने साकळतात आणि पाण्यात उतरत नाहीत. गाळताना ती चोथ्यात राहतात. चरबी आणि जिलेटिन तर मुद्दाम काढलेले असे. अर्कात उरत ते पालाश व स्फुरदाचे क्षार, क्रिएटिनसारखे काही नत्रयुक्त पदार्थ आणि मांसाची चव.

१८६० च्या दशकाच्या शेवटी अनेक डॉक्टर आणि शास्त्रज्ञांनी हे बोलून दाखवले. जर्मनीत केमेरिश यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले आणि अर्कावर जनावर जगत नाही, असे सांगितले. इंग्लंडमध्येही टीका झाली. सगळ्यांत काळजीची गोष्ट अशी की घरात पैसे कमी आणि आजारी माणूस अशक्त, अशा वेळी दूध, अंडी किंवा साध्या मांसाऐवजी लोक महाग अर्क घेत होते. अन्न मिळतेय असे वाटायचे, पण मिळायची ती बहुतांशी चव.

लिबिग यांनी आधी उत्तरे दिली, मग हळूहळू दावा सौम्य केला. अर्क हे मांसाची जागा घेणारे अन्न नाही, इतर अन्नाबरोबर घ्यायचा पूरक पदार्थ आहे, अशी भूमिका त्यांनी आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत घेतली. कंपनीनेही हळूहळू पोषणाऐवजी चवीवर भर दिला. अर्क वापरून करायच्या पाककृतींची पुस्तके आणि रंगीत चित्रकार्डे काढली. धंदा बुडाला नाही, उलट वाढला. आता लोक काय विकत घेतोय हे जास्त नीट जाणत होते. बाजारात नकलाही खूप होत्या, कारण हे नाव एकट्या कंपनीच्या मालकीचे नाही, असे इंग्लंडमधील न्यायालयाने ठरवले होते.

आपल्याकडेही अळणी रस्सा किंवा पायाचे सूप प्यायले की अंगात ताकद येते, असे सर्रास म्हणतात. गरम, खारट, रुचकर रश्शाने भूक उघडते आणि आजाऱ्याला बरे वाटते, त्यात खोटे काही नाही. पण प्रथिने मुख्यतः तुकड्यांत असतात. रस्सा आजाऱ्याला आणि तुकडे दुसऱ्याला, असे केले तर लिबिग यांच्या काळातलीच गल्लत होते.

मांसार्काचा एक उपयोग मात्र निर्विवाद टिकला. जिवाणू वाढवण्यासाठी प्रयोगशाळेत जे पोषक माध्यम वापरतात, त्यात मांसार्क घालण्याची प्रथा पडली. कृषी महाविद्यालयांच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात तो डबा आजही कपाटात सापडेल.

शेवटची वर्षे

म्युनिकमध्ये लिबिग यांचे लक्ष मोठ्या शहरांकडे गेले. गावातले धान्य आणि मांस शहरात जाते, तिथून मैला गटारातून नदीत आणि समुद्रात जातो. म्हणजे शेतातला स्फुरद आणि पालाश कायमचा गेला, हे त्यांनी वारंवार मांडले. लंडनच्या गटारांबाबत त्यांनी कठोर टीका केली. इंग्लंड परदेशातून हाडे आणि ग्वानो आणून आपली शेती चालवते, याला त्यांनी दुसऱ्याच्या जमिनीची लूट म्हटले. हा हिशेब आजही सुटलेला नाही. आपल्या ऊसपट्ट्यातून, कांदापट्ट्यातून दरवर्षी किती अन्नद्रव्ये बाहेर जातात आणि किती परत येतात, हे मोजणारे शेतकरी थोडेच आहेत.

१८ एप्रिल १८७३ रोजी म्युनिकमध्ये लिबिग यांचे निधन झाले. फ्राय बेन्टोसचा कारखाना त्यानंतर शंभर वर्षांहून अधिक काळ, १९७९ पर्यंत चालला. २०१५ मध्ये युनेस्कोने त्या परिसराला जागतिक वारसा स्थळाचा दर्जा दिला.

आज आपल्यासाठी काय?

लिबिग यांनी कोणाला फसवायचे ठरवले नव्हते. त्यांचा मूळ विचार खरा होता, म्हणूनच त्यांच्या मालावरही लोकांनी डोळे झाकून विश्वास ठेवला. पण तत्त्व खरे असले म्हणून त्यावर बनवलेली प्रत्येक वस्तू खरी ठरत नाही. वस्तूची परीक्षा स्वतंत्र घ्यावी लागते. शेतकरी मित्रांनी पुढील गोष्टी ध्यानात घ्याव्यात.

१. न टाकलेला पट्टा ठेवा. नवे खत, टॉनिक किंवा संजीवक वापरताना शेतात चार-पाच ओळी त्याशिवाय ठेवा. वाण, पेरणीची तारीख, पाणी आणि बाकीची खते सारखीच असावीत. असे पट्टे दोन-तीन ठिकाणी ठेवा, कारण जमीन सगळीकडे सारखी नसते. काढणीला माल वेगळा मोजा. हिरवेगार दिसणे आणि वजन वाढणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

२. गोणीवरचे आकडे वाचा. खत नियंत्रण आदेशानुसार अन्नद्रव्यांचे प्रमाण गोणीवर छापलेले असते. भाव गोणीचा न पाहता एक किलो नत्र, स्फुरद किंवा पालाश किती रुपयांना पडतो ते काढा. शास्त्रज्ञाचा फोटो किंवा परदेशी नाव म्हणजे अन्नद्रव्य नव्हे.

३. आखूड फळी शोधा. माती परीक्षणाशिवाय ती कळत नाही. चुनखडीयुक्त जमिनीत ऊस पिवळा पडतो तेव्हा अनेकदा कमतरता लोहाची असते. तिथे आणखी युरिया टाकून उपयोग होत नाही.

४. पशुपालकांनी ग्राहकाला माहिती द्यावी. लोकांचे मत जसे नावाने चढते, तसे अफवेने पडते. २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये कोंबडीतून कोरोना होतो अशी अफवा पसरली आणि राज्यातील कुक्कुटपालकांना पक्षी कवडीमोल भावाने द्यावे लागले. ब्रॉयलरला हार्मोनचे इंजेक्शन देतात, हाही असाच रुजलेला समज आहे. पक्षी लवकर वाढतो तो निवड पद्धतीने तयार केलेल्या जातींमुळे आणि संतुलित खाद्यामुळे. खाद्य काय दिले, लस कोणती दिली, औषध कधी बंद केले, याची नोंदवही शेडवर ठेवली आणि विचारणाऱ्याला दाखवली, तर त्याचे समाधान करणे सोपे जाते.

लिबिग यांचा नियम लक्षात ठेवावाच. त्याबरोबर ब्रॉडबाल्कमधला तो काहीच न दिलेला पट्टाही लक्षात ठेवावा. येत्या हंगामात एखादे नवे उत्पादन घेणार असाल, तर चार ओळी त्याच्याशिवाय राखून ठेवा आणि काढणीला दोन्ही ढीग वेगवेगळे तोला.